पर्यटनाचे सामाजिक परिणाम आणि सहभागी निरीक्षण : नव्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शन

अर्व्हिंग गॉफमन हे समाजशास्त्रज्ञ १९४९ ते १९५१ या काळात डॉक्टरेटच्या अभ्यासासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर जाऊन राहिले होते. तेथील एका लहान पर्यटक हॉटेलाच्या स्वयंपाकघराचे त्यांनी पुढे केलेले वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. स्वयंपाकघर आणि पाहुण्यांचा वावर असलेला भाग यांच्यामध्ये एक दार होते. आतला कारभार पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून मालकांना ते बंद हवे असे. वाढणाऱ्या मुलींना मात्र ते उघडे हवे असे, कारण हातात ट्रे असताना ये-जा करणे सोपे जाई, पाहुणे जेवायला तयार आहेत की नाहीत ते आतूनच कळे, आणि ज्या लोकांची राहणी जवळून पाहावी या ओढीने त्या तेथे कामाला आल्या होत्या ते लोक थोडेफार दिसत राहत. ते दार रागाने आपटून बंद केले गेले नाही आणि रागानेच पुन्हा ढकलले गेले नाही, असा दिवस क्वचितच जाई.

या मुलींना कोणी प्रश्नावली देऊन ‘पर्यटकांमुळे तुमच्या कामाच्या ठिकाणी तणाव निर्माण होतो का?’ असे विचारले असते, तर बहुतेकींनी ‘नाही’ या चौकटीत खूण केली असती, आणि ते खोटेही ठरले नसते. दाराची कुरबुर ही त्यांच्या लेखी ‘पर्यटनाचा परिणाम’ नव्हतीच. ती दिसण्यासाठी तेथे दिवसच्या दिवस हजर असणारे माणूस लागते. लोकांच्या रोजच्या व्यवहारात दीर्घकाळ वावरायचे, जमेल तेथे हात लावायचे आणि जे दिसते, ऐकू येते त्याची शिस्तीने नोंद ठेवायची, या पद्धतीला सहभागी निरीक्षण म्हणतात. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९१५ ते १९१८ या वर्षांत न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर दोन मुक्कामांत केलेल्या कामामुळे ती मानवशास्त्राची ओळख बनली. पर्यटनाच्या अभ्यासात ती १९७० च्या दशकापासून रुळली. किती टक्के लोक पर्यटनाला अनुकूल आहेत, हे तिच्यातून कळणार नाही. त्यासाठी सर्वेक्षणच करावे. अनुकूल असलेला माणूसही सीझनमध्ये आपल्या अंगणाला कुंपण का घालतो, हे मात्र तिच्यातून कळू शकते.

पहिला टप्पा : प्रश्न डोळ्यांना दिसेल इतका खाली आणणे

‘अमुक ठिकाणी पर्यटनाचे सामाजिक परिणाम’ हे शीर्षक होऊ शकते. तो प्रश्न नव्हे. परिणाम ही वस्तू कोठे उभी नसते. दिसतात त्या वेळा, जागा, माणसे आणि त्यांच्या हालचाली. त्यामुळे घराबाहेर पडण्यापूर्वी आपला विषय अशा प्रश्नांत उतरवून पाहावा: सार्वजनिक जागा दिवसाच्या कोणत्या वेळी कोणाच्या ताब्यात असते? पाहुण्यांसाठी खोल्या दिल्या की घरातली माणसे कोठे झोपतात, आणि हे कोण ठरवते? पाहुण्यांशी बोलायचे काम घरातल्या कोणाकडे येते आणि त्यामुळे घरात त्याचा शब्द वाढतो का? मुले कोणत्या वयात पर्यटकांकडून काही मागायला, विकायला किंवा त्यांना वाट दाखवायला शिकतात? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर निदान अंशतः तरी बसून पाहता येते.

या टप्प्यावर वाचलेले सिद्धांत मदतही करतात आणि आड येतात. पर्यटनाचे अभ्यासक डॉक्सी यांनी १९७५ मध्ये बार्बाडोस आणि कॅनडातील नायगरा-ऑन-द-लेक येथील अनुभवांवरून रहिवाशांच्या मनःस्थितीचे चार टप्पे मांडले: उत्साह, उदासीनता, चीड आणि वैर. मांडणी इतकी सुटसुटीत आहे की नवा अभ्यासक गावात पाऊल ठेवताच ‘हे गाव तिसऱ्या टप्प्यावर आहे’ असे ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात एकाच घरात मुलगा उत्साही, सासू चिडलेली आणि सून इतकी दमलेली असते की मत बनवायला तिला सवडच नसते. सिद्धांत सोबत न्यावा; तो चष्म्याच्या डबीत ठेवावा आणि आधी उघड्या डोळ्यांनी पाहावे.

आणखी एक अडचण सुरुवातीलाच कागदावर मांडून ठेवावी. दिसलेला बदल पर्यटनामुळेच झाला हे कशावरून? रस्ते, मोबाइल, शिक्षण, शहराकडे जाणारी तरुण पिढी यांनीही तेच बदल घडवलेले असू शकतात. निरीक्षणाच्या पद्धतीत या प्रश्नाला दोन उपाय आहेत. एक म्हणजे पर्यटक फारसे न फिरकणाऱ्या, पण इतर बाबतींत सारख्या अशा शेजारच्या वस्तीत काही दिवस काढणे. दुसरा म्हणजे त्याच जागी सीझन आणि ऑफ सीझन अशी तुलना करणे. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि बहुतेकांना तोच परवडतो.

दुसरा टप्पा : जागा लहान, काळ लांब

नवख्याची ठरलेली चूक म्हणजे जागा मोठी आणि मुक्काम छोटा निवडणे. संपूर्ण गाव किंवा पर्यटनस्थळ हा एका माणसाच्या निरीक्षणाचा घटक होऊ शकत नाही. एक गल्ली, एक धक्का, एक बाजार, चार-पाच होमस्टे असलेली एक आळी एवढे पुरते. तेथून बाहेरच्या गोष्टी आपोआप आत येतात.

काळाच्या बाबतीत मात्र चिकटपणा करू नये. पर्यटनावर चालणाऱ्या जागेला वर्षाचे चक्र असते, आणि एकच ऋतू पाहिलेला अभ्यासक अर्धे नाटक पाहून परीक्षण लिहिणाऱ्यासारखा असतो. पूर्ण वर्ष राहणे शक्य नसेल तर निदान तीन भेटी आखाव्यात: ऐन गर्दीच्या दिवसांत, शांत दिवसांत, आणि सीझन सुरू होण्याच्या किंवा संपण्याच्या नेमक्या आठवड्यात. हा तिसरा आठवडा बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका असतो. सामान कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जाते, कोण बाहेरगावाहून कामाला येते, कोणती उधारी फेडली जाते, कोणती भांडणे सीझनभर दाबून ठेवलेली असतात आणि शेवटची गाडी गेल्यावर बाहेर येतात, हे सगळे त्या सात-आठ दिवसांत दिसते.

तिसरा टप्पा : आपण तेथे कोण म्हणून वावरणार?

रेमंड गोल्ड यांनी १९५८ मध्ये क्षेत्रकार्य करणाऱ्याच्या चार भूमिका सांगितल्या: ओळख न देता पूर्ण सहभागी होणारा, निरीक्षक म्हणून ओळख दिलेला सहभागी, थोडासाच सहभाग घेणारा निरीक्षक, आणि केवळ दुरून पाहणारा. सुरुवात करणाऱ्याने दुसरी भूमिका घ्यावी. लोकांना आपण अभ्यासक आहोत हे माहीत असते आणि तरीही आपण रिकाम्या हाताने बसलेलो नसतो.

पर्यटनात या चार भूमिकांना आणखी एक मिती जोडावी लागते, ती म्हणजे आपण कोणत्या बाजूला उभे राहतो. पर्यटक होऊन सहलीच्या गटात फिरलो, तर गाईड काय दाखवतो आणि काय टाळतो ते कळते. हॉटेलात किंवा होमस्टेमध्ये हाताखाली काम केले, तर हसतमुख राहण्याचे श्रम कळतात. रहिवाशाच्या घरी राहिलो, तर पाण्याची वेळ, आवाज आणि झोप यांचा हिशेब कळतो. तिन्ही बाजू एकाच अभ्यासात जमल्या तर उत्तम. पण क्रम विचारपूर्वक लावावा. ज्याला लोकांनी आधी मालकाच्या काउंटरमागे पाहिले, त्याच्याजवळ नोकर मालकाविषयी सहसा बोलत नाही. माझा सल्ला असा की आधी रहिवाशांच्या बाजूने सुरुवात करावी, मग कामगारांच्या, आणि पर्यटकांच्या गटात शेवटी जावे. ती जागा पैसे भरून केव्हाही मिळते.

ओळख लपवून काम करावे का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. गजबजलेल्या चौकात किती गट आले आणि किती वेळ थांबले हे मोजताना प्रत्येकाची परवानगी घेणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. परंतु नोकरीच्या निमित्ताने कोणाच्या स्वयंपाकघरात शिरून, त्यांनी विश्वासाने बोललेले शब्द त्यांच्या नकळत लिहून आणणे हे वेगळे आहे, आणि ते करू नये.

चौथा टप्पा : प्रवेश आणि संमती

लहान जागेत प्रवेश मिळवून देणारी व्यक्ती बहुधा तीच असते जिला बाहेरच्या माणसांशी बोलण्याची सवय आहे, म्हणजे पर्यटनातून ज्याचे बरे चालले आहे तो गाईड, हॉटेलमालक किंवा स्थानिक पुढारी. त्याची मदत घ्यावी, आभार मानावेत, आणि त्याने दाखवलेली माणसे हीच सगळी माणसे नव्हेत हे लक्षात ठेवावे. पहिल्या पंधरवड्यात आपण कोणाकोणाशी बोललो याची यादी करून पाहिली तर तिच्यात कोण नाही ते लगेच दिसते: साफसफाई करणाऱ्या बायका, बाहेरगावचे हंगामी मजूर, पर्यटनातून काहीच न मिळणारे घर, जागा भाड्याने देऊन स्वतः दुसरीकडे राहायला गेलेले कुटुंब. शेवटच्या गटाला शोधायला गाव सोडून जावे लागते, आणि म्हणूनच तो अभ्यासांतून निसटतो.

ओळख करून देताना एकच साधे वाक्य तयार ठेवावे आणि सर्वांना तेच सांगावे. ‘पाहुणे यायला लागल्यापासून इथल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात काय काय बदलले, यावर मी लिहिणार आहे, त्यासाठी काही महिने इथे राहून पाहणार आहे’ एवढे पुरते. ‘संशोधन’, ‘प्रभाव’, ‘विकास’ असे शब्द आले की लोक आपल्याला योजना आणणारा सरकारी माणूस समजतात आणि त्याप्रमाणे मागण्या सांगू लागतात.

संमती एकदा सही घेऊन संपत नाही. महिनाभराने लोक आपल्यासमोर मोकळेपणाने बोलू लागतात तेव्हा आपण लिहिणारे आहोत हे ते विसरलेले असतात. अशा वेळी ‘हे मी लिहिले तर चालेल ना?’ असे विचारण्याने गप्पांचा रंग क्षणभर उडतो खरा, पण विचारलेच पाहिजे. लहान मुलांशी बोलताना पालकांना आधी माहीत असावे. जो पर्यटक दोन दिवसांनी निघून जाणार आहे, त्याच्याशी संभाषणाच्या सुरुवातीलाच सांगून टाकावे. नंतर सांगू म्हटले तर तो सापडत नाही.

राहण्याची सोय हा वरकरणी किरकोळ वाटणारा, पण पुढच्या सगळ्या कामावर परिणाम करणारा निर्णय आहे. भाडे देऊन राहिलो की आपण त्या घराचे गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाइकासमोर घर जसे वागते तसेच वागते. भाडे न देता राहिलो तर आपण ओझे होतो. पर्यटकांना न दिली जाणारी खोली महिन्याच्या भाड्याने मागणे हा मधला मार्ग बऱ्याचदा निघतो.

पाचवा टप्पा : पहिले दोन आठवडे

या दिवसांत कोणाच्या मुलाखती घेऊ नयेत. हाताने नकाशा काढावा: कोणते दार कोणाचे, कोणत्या पायरीवर कोण बसते, गाड्या कोठे थांबतात, कोणत्या वाटेने पर्यटक जातात आणि कोणत्या वाटेने रहिवासी. पर्यटनस्थळी या दोन वाटा अनेकदा वेगळ्या असतात, आणि त्या कधीपासून वेगळ्या झाल्या हा पुढे विचारायचा उत्तम प्रश्न ठरतो.

जेम्स स्प्रॅडली यांनी कोणत्याही सामाजिक प्रसंगाकडे पाहताना लक्ष ठेवण्याच्या नऊ बाबी सांगितल्या आहेत: जागा, माणसे, उपक्रम, वस्तू, सुट्या कृती, घटना, वेळ, हेतू आणि भावना. पहिल्या दिवसांत ही यादी वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवावी, कारण नवख्याचे डोळे फक्त माणसे आणि घटना टिपतात; वस्तू आणि वेळ निसटतात. सुरुवातीला सगळे पाहावे, मग प्रश्नाशी जोडलेले पाहावे, आणि शेवटी दोन-तीन नेमक्या गोष्टीच बारकाईने पाहाव्यात, असा त्यांचा क्रमही पाळण्यासारखा आहे.

एकच जागा निवडून तेथे रोज वेगवेगळ्या वेळी तासभर बसण्याचा सराव करावा. पहिला दिवस कंटाळवाणा जातो. चौथ्या दिवसापासून फरक दिसू लागतात, कारण तोवर नेहमीचे काय ते आपल्याला माहीत झालेले असते.

सहावा टप्पा : टिपणे

या पद्धतीत खरे काम येथे होते, आणि अर्धवट सुटणारे बहुतेक अभ्यास येथेच सुटतात. निरीक्षणाच्या वेळी लिहायच्या खुणा आणि रात्री लिहायचे सविस्तर टिपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुणा म्हणजे दोन-चार शब्द, एखादे नेमके वाक्य, एखादी वेळ, एखादा आकडा. त्या लोकांसमोर लिहाव्यात की आडोशाला जाऊन, हे प्रसंगावर ठरते. एकदा वही दिसली की काही लोक आवरते घेतात आणि काही जास्तच बोलतात. सविस्तर टिपण मात्र त्याच रात्री, झोपण्यापूर्वी लिहावे. एका तासाच्या निरीक्षणाला लिहायला दोन-तीन तास लागणे स्वाभाविक आहे, म्हणून दिवसभर हिंडण्याचा मोह आवरावा. तीन तास पाहिले आणि सगळे लिहिले हे, दहा तास पाहिले आणि दुसऱ्या दिवशी आठवून लिहिले यापेक्षा कितीतरी मोलाचे असते.

टिपण कसे असावे हे उदाहरणानेच सांगता येईल. विद्यार्थ्याच्या वहीत सहसा असे काही सापडते: ‘संध्याकाळी चौकात खूप गर्दी होती. स्थानिक लोक पर्यटकांवर नाराज दिसले.’ या दोन वाक्यांत वापरण्याजोगे काहीच नाही. ‘खूप’ म्हणजे किती, ‘स्थानिक लोक’ म्हणजे कोण, आणि ‘नाराज’ हे त्यांच्या चेहऱ्यावर होते की लिहिणाऱ्याच्या मनात? तोच प्रसंग असा लिहिता येतो:

‘सायं. ६.१०. चौकातला दगडी बाक. रोजच्या दोन वृद्ध स्त्रिया बसलेल्या. सुमारे २० जणांचा गट गाईडबरोबर आला. गाईड बाकामागे उभा राहून बोलू लागला. एका पर्यटकाने बाकाच्या मोकळ्या टोकावर बॅग ठेवली, त्यांच्याकडे पाहून हसला. निळ्या लुगड्यातल्या बाईंनी दुसरीकडे पाहिले. दोघी काही न बोलता उठल्या, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या. ६.२२ ला गट गेला. बाक रिकामा. ६.४० ला मी निघालो तोवर त्या पायरीवरच होत्या.’

आणि त्याखाली, वेगळ्या शाईने किंवा समासात: ‘अनुमान: गटामुळे बाक सोडला? की त्या वेळी बाकावर ऊन येते? पायरीवरून रस्ता दिसतो, कोणाची वाट पाहत होत्या का? पडताळा: गट नसेल त्या दिवशी याच वेळी पाहणे.’ त्याखाली तिसरी ओळ, स्वतःविषयी: ‘बॅग ठेवणाऱ्याचा मला राग आला. त्याने काही वावगे केले नव्हते.’

पुढच्या चार दिवसांत असे लक्षात आले की गट येत नाही त्या संध्याकाळी त्या अंधार पडेपर्यंत बाकावरच असतात, आणि ऊन तर तेथे पाचनंतर येतच नाही, तर अनुमानाला बळ मिळते. गट गेल्यावरही त्या परत का जात नाहीत, हा पुढचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो, आणि तो आधीच्या कोणत्याही प्रश्नावलीत नसता. पाहिलेले, त्यावरून काढलेले आणि स्वतःला वाटलेले हे तीन थर एकमेकांत मिसळू न देणे एवढी एकच शिस्त अंगी बाणली, तरी निम्मे काम झाले असे समजावे.

तिसऱ्या थराला स्वतंत्र रोजनिशी ठेवली तर अधिक बरे. मालिनोव्स्कींची खासगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ज्या लोकांविषयी त्यांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले होते त्यांच्यावरचा त्यांचा वैताग, कंटाळा आणि कटू शब्द वाचून अनेकांना धक्का बसला. मला त्यातून एवढेच शिकण्यासारखे वाटते की वैताग प्रत्येकाला येतो; तो लिहून बाजूला काढून ठेवला नाही तर तो टिपणांत ‘लोकांचा स्वभाव’ बनून शिरतो.

सातवा टप्पा : कशाकडे पाहावे

लोकांसमोरचे वागणे म्हणजे रंगमंच आणि त्यांच्या नजरेआडचे म्हणजे नेपथ्य, ही गॉफमन यांची कल्पना डीन मॅककॅनेल यांनी १९७३ मध्ये पर्यटनाला लावली आणि एक नाजूक गोष्ट दाखवून दिली: पर्यटकाला ‘आतले’, खरे जीवन पाहायचे असते, म्हणून त्याला दाखवण्यासाठी खास ‘आतली’ जागाही मांडली जाते. अभ्यासकाने यातून स्वतःसाठी इशारा घ्यावा. आपल्याला आत बोलावून चुलीजवळ बसवले, म्हणजे आपण विंगेत पोहोचलो असे नव्हे. कदाचित ती चूल गेल्या आठवड्यात तीन गटांना दाखवून झालेली असेल. खरी विंग ओळखण्याची एक खूण म्हणजे तेथे आपल्याला कोणी बोलावत नाही आणि आपण गेलो तर काम थांबत नाही. शेटलंडच्या त्या स्वयंपाकघरात ओले मोजे चहाच्या किटलीवर वाळत असत आणि पाहुण्यांनी अर्धवट वापरलेले लोणी पुन्हा वळून ताज्यासारखे पाठवले जात असे. हे दाखवायला कोणी गॉफमनना बोलावलेले नव्हते.

विरोध बहुधा विरोधासारखा दिसत नाही. माल्टामध्ये अनेक दशके काम केलेल्या जेरेमी बोइसेव्हेन यांनी १९९६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात, युरोपातील लोक गर्दीच्या पर्यटनाशी कसे जुळवून घेतात याचे प्रकार मांडले. आडून केलेला प्रतिकार, स्वतःचे काही लपवून ठेवणे, कुंपण घालणे, आपल्यापुरते सण-समारंभ साजरे करणे, संघटित निषेध आणि क्वचित प्रत्यक्ष आक्रमण असा तो पल्ला आहे. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी बातम्यांत येतात. पहिल्या चार पाहण्यासाठी तेथे राहावे लागते: मुद्दाम चुकीची वाट सांगणे, पर्यटकासमोर अचानक जलद बोलीत बोलू लागणे, उत्सवाचा खरा दिवस बाहेर न सांगणे, पूर्वी उघड्या राहणाऱ्या दाराला पडदा येणे. पडदा कधी आला, कोणी आणला, सीझन संपल्यावर तो काढला जातो की तसाच राहतो, असे विचारत गेलो तर एका पडद्यावर प्रकरणभर मजकूर मिळू शकतो.

पैशाकडे पाहताना रकमेपेक्षा तिचा प्रवास पाहावा. पाहुण्याने दिलेले पैसे घरात कोणाच्या हातात पडतात, टिप कोण ठेवते, वाटणीचा नियम काय आणि तो कधी मोडला जातो, यांतून घरातल्या सत्तेचे चित्र उमटते. ऑनलाइन रेटिंगची भीतीही बघण्यासारखी आहे. पाहुणा निघून गेल्यावर रिव्ह्यू येईपर्यंतचे दोन दिवस घरातली माणसे फोन कितीदा उघडून पाहतात, हे कोणी मुलाखतीत सांगत नाही.

शांततेकडेही लक्ष ठेवावे. एखाद्या विषयावर सगळे एकदम गप्प होतात, किंवा सगळे अगदी एकसारखे वाक्य बोलतात, तेव्हा तेथे थांबावे. ‘पर्यटनामुळे आमचे भले झाले’ हे वाक्य दहा तोंडांतून शब्दशः एकच येत असेल, तर ते दहा जणांचे मत नसून एक घोषणा असण्याची शक्यता जास्त.

आठवा टप्पा : बोलणे, मोजणे आणि ताडून पाहणे

महिन्याभराने मुलाखती घ्याव्यात, आणि त्या पाहिलेल्या गोष्टींवरून घ्याव्यात. ‘पर्यटनाविषयी तुम्हाला काय वाटते?’ याऐवजी ‘परवा गट आला तेव्हा तुम्ही पायरीवर जाऊन बसलात, नेहमी तसेच करता का?’ असे विचारले की उत्तर तयार साच्यातून येत नाही. लोक सांगतात एक आणि करतात दुसरे, हे आढळले म्हणजे त्यांना खोटे पकडले असे मुळीच समजू नये. ती तफावत हाच अनेकदा निष्कर्ष असतो: तोंडाने स्वागत करणारे आणि हाताने दार लावणारे माणूस दोन्ही वेळा खरेच वागत असते.

जोडीला साधी मोजदाद करावी. दिवसाला किती गट, किती मिनिटे, किती दुकाने रहिवाशांच्या गरजेची आणि किती पर्यटकांच्या, रात्री दहानंतर किती खिडक्यांत दिवे आहेत. शेवटची मोजणी ऑफ सीझनमध्ये करून पाहावी. कोणत्या घरांत आता कोणी कायमचे राहत नाही, ते अंधारावरून कळते.

नववा टप्पा : स्वतःची गणती

आपण नसतो तर हे घडले असते का, असा प्रश्न प्रत्येक टिपणाला विचारावा. १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात झालेल्या प्रयोगांवरून, पाहिले जात असल्याच्या जाणिवेने माणसे वेगळी वागतात या कल्पनेला ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव मिळाले. त्या प्रयोगांच्या अर्थावर आजही वाद आहेत, पण सावधगिरी म्हणून ती कल्पना उपयोगी आहे. दीर्घ मुक्काम हा त्यावरचा मुख्य उतारा, कारण महिनोन्‌महिने कोणालाच सोंग वठवता येत नाही. कधी एखादा प्रसंग हे काम एका दिवसात करतो. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ आणि त्यांच्या पत्नी १९५८ मध्ये बालीतील एका खेड्यात गेले तेव्हा लोक त्यांच्याकडे पाहूनही न पाहिल्यासारखे करत. बेकायदा कोंबड्यांच्या झुंजीवर पोलिसांची धाड पडली आणि हे दोघे ओळखपत्र दाखवण्याऐवजी गावकऱ्यांबरोबर पळाले, तेव्हापासून गाव त्यांच्याशी बोलू लागले. अशी धाड आखून आणता येत नाही, म्हणून बाकीच्यांनी वेळ हाच मार्ग धरावा.

पर्यटनाच्या अभ्यासकाची आणखी एक पंचाईत आहे. आपणही बाहेरून आलेलो, बॅग घेऊन आलेलो, फोटो काढणारे आणि एक दिवस निघून जाणारे असतो. लोक आपल्याला पर्यटकांच्या खात्यात टाकतात यात त्यांची चूक नाही. आपण ‘तसे’ नाही हे पटवण्यात शक्ती घालवण्याऐवजी त्यांनी आपल्याला कोणत्या क्रमाने कोणत्या खात्यात टाकले याची नोंद ठेवावी: पहिल्यांदा भाव कधी कमी सांगितला, पहिल्यांदा काम कधी सांगितले, पहिल्यांदा आपल्यासमोर पर्यटकांची थट्टा कधी केली. यजमान आणि पाहुणा यांमधली रेघ त्या समाजात कोठे आखली जाते, हे इतके स्पष्ट दाखवणारी दुसरी सामग्री मिळणार नाही.

दहावा टप्पा : अर्थ लावणे आणि लिहिणे

विश्लेषण घरी परतल्यावर सुरू करू नये. दर आठवड्याला टिपणे वाचून समासात विषयांची नावे टाकत जावी आणि पुढच्या आठवड्यात काय पाहायचे ते त्यावरून ठरवावे. एखादे सूत्र जुळू लागले की त्याला छेद देणारी उदाहरणे मुद्दाम शोधावीत.

घाईच्या निकालाविषयी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशातील फ्युएंतेराबिया या गावात १६३८ मधील वेढ्यावरच्या विजयाची आठवण म्हणून आलार्दे नावाची मिरवणूक निघते. पर्यटकांना पाहता यावी म्हणून ती एकाच दिवशी दोनदा काढावी असा निर्णय १९६९ मध्ये तेथील नगर प्रशासनाने घेतला. डेव्हिड ग्रीनवुड यांनी यावर १९७७ मध्ये लिहिलेल्या लेखात संस्कृती विक्रीची वस्तू झाली आणि लोकांसाठी तिचा अर्थ संपला, असा कठोर निष्कर्ष काढला. तो लेख पर्यटनाच्या अभ्यासात फार उद्धृत झाला. तो ज्या ग्रंथात आला होता त्याच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ग्रीनवुड यांनी स्वतःच उपसंहार जोडून आपली आधीची भूमिका सौम्य केली. त्या मिरवणुकीला गावात पुढे नवे राजकीय अर्थ लाभले होते. आपल्या लेखावर इतरांची कीर्ती उभी असताना ‘मी घाई केली’ असे छापून सांगणारे अभ्यासक थोडे असतात. नवख्याने निदान तीन-चार वर्षांनी एकदा परत जाण्याची तजवीज आधीच करून ठेवावी.

लिहिताना नावे बदलणे पुरेसे नसते. लहान गावात ‘एकमेव महिला गाईड’ किंवा ‘धक्क्याजवळचा दुमजली होमस्टे’ असे लिहिले की नाव न घेताही माणूस उघडा पडतो, आणि त्याला ओळखणारे सर्वांत आधी त्याचेच शेजारी असतात. दोन व्यक्तींचे तपशील एकत्र करणे, व्यवसाय किंवा वय थोडे बदलणे, एखादा प्रसंग कितीही सुरेख असला तरी गाळून टाकणे, हे मार्ग वापरावेत, आणि असे बदल केले आहेत हे प्रस्तावनेत स्पष्ट लिहावे. मूळ नावांची यादी टिपणांपासून वेगळी आणि कुलूपबंद असावी. मसुदा तयार झाला की ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापैकी दोघा-तिघांना त्यांचा भाग वाचून दाखवावा. ते बहुधा मोठ्या निष्कर्षांवर काही बोलत नाहीत. बाकावरच्या बाईंच्या लुगड्याचा रंग निळा नव्हता, हिरवा होता, असे सांगतात. ते दुरुस्त करावे, आणि ती दुरुस्तीही त्या दिवशीच्या टिपणात लिहून ठेवावी.